पिवळ्या वर्गातली छोटी खुर्ची

निळ्या आणि पिवळ्या वर्गांच्या मध्ये कमरेइतकी भिंत होती आणि तिच्यावर छतापर्यंत काच. दोन्ही वर्गांत उजेड खेळता राहावा म्हणून शाळेने ती काच बसवली होती. निळ्या वर्गाची निळीताई रंगाच्या बाटल्या भरायला नेमकी त्या काचेपाशी उभी राहायची, पण उजेडासाठी नव्हे.

पलीकडे तिची मुलगी चटई गुंडाळत होती.

गुडघ्यांवर बसून तिने चटईची कडा दोन्ही हातांनी उचलली, एक वळी घातली आणि गुंडाळीच्या दोन्ही टोकांना तळहातांनी हलकेच थापटलं. मग दुसरी वळी, पुन्हा थापटी. त्या थापटीमुळे गुंडाळी तिरकी जात नाही आणि चटई उभी केली तरी पडत नाही. निळीताईला हे काचेतून बघायची गरज नव्हती. ती थापटी तिनेच शोधली होती. आता पिवळ्या वर्गाची ताई असलेली पिवळीताई तेव्हा नवीन होती, निळ्या वर्गात मदतीला होती, आणि पहिल्या आठवड्यात तिची प्रत्येक चटई केळीच्या पानासारखी एका बाजूला निमुळती व्हायची. निळीताईने तिच्या शेजारी जमिनीवर बसून तिला ती थापटी शिकवली होती.

"घरी करते का अशी?" मागून मावशींनी विचारलं. मावशी दोन्ही वर्गांची साफसफाई, दूध आणि ओल्या चड्ड्या सांभाळायच्या, आणि कुणालाही काहीही विचारायच्या.

"घरी चटई नाहीये."

"पांघरूण असेल की."

निळीताईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. घरी पांघरुणाची घडी तीच घालायची, कारण सकाळी वेळ नसायचा.

"बाकी काच बघून बघून पातळ व्हायची हं, ताई," मावशी म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.

या शाळेत मुलं ताईंना वर्गाच्या रंगावरून हाक मारत. स्वतःचं मूल स्वतःच्या वर्गात घ्यायचं नाही, असा शाळेचा नियम होता. तो नियम ठरला त्या बैठकीत सगळ्यांत जोरात बोलली होती ती निळीताईच. "आपल्या मुलाला शिकवताना माणूस एक तर आंधळा होतो, नाहीतर दुष्ट," असं ती म्हणाली होती आणि सगळे हसले होते. तेव्हा तिला मूल नव्हतं.

आता मुलगी पाच वर्षांची होती आणि पिवळ्या वर्गात होती. तिथे प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एकेक चित्र होतं: मासा, छत्री, किल्ली. अक्षरं येत नसली तरी चित्रावरून मुलांना आपली खुंटी, आपला पेला सापडतो. मुलीच्या खुंटीवर गोगलगाय होती. हे कळलं तेव्हा निळीताईला पहिल्यांदा काहीतरी टोचलं. मुलगी मंद नव्हती, सावकाश होती. बुटाची नाडी बांधायला बसली की बाहेरच्या जगाशी तिचा संबंध तुटायचा. म्हणून काय गोगलगाय? पण मुलगी घरी आली ती नाचतच. "ताई म्हणाली, गोगलगाय सगळं नीट बघत बघत जाते." तेव्हापासून शाळेत ती गोगी झाली आणि घरीही दुसऱ्या नावाला ओ देईनाशी झाली.

"थापटी मारायची असते चटईला," एकदा जेवताना गोगीने समजावून सांगितलं होतं. "पिवळीताईनं शोधून काढलंय."

"कोणी?"

"आमच्या ताईनं."

"असं का," निळीताई म्हणाली आणि भात जरा जास्तच जोरात वाढला.

शाळेला मोठी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत उलटा दिवस असायचा. आठवडाभर मुलं कागदाच्या साखळ्या करत, खिडक्यांना रंगीत दिवे लागत. निळीताईने सुरू केलेलं तुरटीचं काम दोन्ही वर्गांत चाले. मऊ तारेची चांदणी वळायची, तिला दोरा बांधायचा, दोऱ्याचं दुसरं टोक काडीला बांधायचं आणि चांदणी तुरटीच्या कोमट पाण्यात सोडायची. पाण्यात मावेल तितकी तुरटी गरम असताना विरघळवलेली असते. पाणी गार होतं तसं त्याला तितकी तुरटी पेलवत नाही, आणि जास्तीची तुरटी तारेवर येऊन बसते. सावकाश गार झालं आणि कुणी हलवलं नाही तर मोठे, स्वच्छ स्फटिक येतात. घाई केली तर नुसती पिठूळ कणी. निळीताईने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि पहिल्या वर्षी हे काम शाळेत आणलं तेव्हा मोठ्या ताईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, "आपल्याकडे आता प्रयोगशाळा आहे," असं पालकांना सांगितलं होतं. या वर्षी पिवळ्या वर्गाच्या खिडकीत लटकणाऱ्या चांदण्या निळ्या वर्गातल्यांपेक्षा मोठ्या होत्या. निळीताई रोज त्या बघत होती आणि कारणही तिला ठाऊक होतं. तिच्या वर्गातली मुलं भांडी उचलून उचलून बघत होती, कारण ती स्वतःच त्यांना विचारत होती, "आली का? बघा बरं आली का?"

उलट्या दिवशी मुलं शिकवायची आणि मोठी माणसं शिकायची. प्रत्येक मूल एका मोठ्या माणसाला बोलावणार, त्याला छोट्या खुर्चीवर बसवणार आणि एक काम शिकवणार. अट एकच: ज्याला ते काम येत नाही अशाच माणसाला बोलवायचं. त्या दिवशी ताईंना काही काम नसे. त्यांनी मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, कोपऱ्यात उभं राहायचं. हेही निळीताईनेच ठरवलेलं.

"कोणाला बोलावणार गं तू?" तिने गोगीला विचारलं. संध्याकाळ होती, ती ओट्यापाशी भाजी निवडत होती. गोगी टेबलाखाली बसून टेबलाच्या पायाला जाड दोऱ्याची गाठ मारायचा सराव करत होती. विचारताना निळीताईचा आवाज सहज होता. सहज वाटावा म्हणून तिने हा प्रश्न दोन दिवस धरून ठेवला होता.

"ताईला."

"कुठल्या ताईला?"

"अगं, आमच्या ताईला. पिवळीताईला."

निळीताईने एक जुडी उगाचच पुन्हा धुतली. गोगीचा बाबा चष्म्याच्या दुकानातून आताच आला होता. तो बूट काढता काढता म्हणाला, "मला तर कुणी विचारलंच नाही."

"तू दुकानात असतोस," टेबलाखालून उत्तर आलं.

"बघ. मी रडतोय का?" तो बायकोकडे बघून हळूच म्हणाला.

"मी कुठे रडतेय?"

"नाही, भाजी रडतेय. तिचं पाणी गळतंय."

तो आत गेला. निळीताई खाली वाकली. टेबलाखाली गोगी एक टोक दुसऱ्यावर घेत होती, खालून ओढत होती, आणि गाठ बसायच्या आधीच सुटत होती. ती पुन्हा करत होती, तितक्याच सावकाश.

"पण ताईला का?"

"तिला गाठ येत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. ती सारखी चुकते. मी दाखवली की तिला थोडी थोडी येते. मी तिला पूर्ण शिकवणार आहे." गोगीने वर पाहिलं. "तिचा हात असा थरथरतो."

निळीताईच्या डोळ्यांपुढे तो थरथरणारा हात उभा राहिला. तोही तिनेच शिकवला होता. मुलाचं काम पक्कं करायचं असेल तर त्याला गुरू करायचं. 'मला येत नाही गं, तू दाखव,' म्हणायचं आणि दाखवलं तरी एक-दोनदा चुकायचं, पण खूप नाही, नाहीतर मूल ओळखतं. निळ्या वर्गात आलेल्या प्रत्येक मुलापुढे तिचा हात असा कधी ना कधी थरथरला होता. घरी मात्र गोगीला बूट घालून द्यायचे, वेणी घालून द्यायची, दप्तर भरून द्यायचं, कारण निळ्या वर्गाचं दार तिलाच उघडायचं असायचं.

"तिला गाठ चांगली येते," निळीताई म्हणाली.

"नाही येत."

"येते. मीच शिकवलीय. फासाची, सरकगाठ, दुहेरी, सगळ्या येतात तिला."

गोगीचे हात थांबले. "मग ती का म्हणाली येत नाही?"

इथे थांबता आलं असतं. 'विसरली असेल' म्हणता आलं असतं. पण गेले कित्येक महिने जे काचेपलीकडे होतं ते आता टेबलाखाली, हाताच्या अंतरावर बसलं होतं, आणि निळीताईला ते हवं होतं.

"खोटं खोटं म्हणते. ताया म्हणतात असं, मुलांना बरं वाटावं म्हणून."

"तू पण?"

"मी पण."

क्षणभर फार गोड वाटलं. मग गोगीने टेबलाच्या पायावरची अर्धी बसलेली गाठ सोडवली, दोरा बोटांवर नीट गुंडाळला आणि डब्यात ठेवून झाकण लावलं. ती रडली नाही. खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरच्या गाड्या बघत उभी राहिली, आणि जेवायला हाक मारली तेव्हा पहिल्याच हाकेला आली. निळीताईला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळीताई रंगाच्या बाटल्या न घेताच काचेपाशी गेली. पलीकडे गोगी पिवळीताईसमोर उभी होती. काहीतरी विचारत होती. पिवळीताई लगेच खाली बसली. मुलाशी बोलायचं तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं. तिचं उत्तर लांबलं. तिने गोगीचा हात धरला आणि गोगीने तो काढून घेतला. ओढून नाही. एखाद्याची वस्तू परत करावी तसा. मग ती मांडणीपाशी गेली, सगळ्यांत वरच्या ट्रेमधलं काम काढलं, वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचं, जे तिला तीन वर्षांची असल्यापासून येत होतं, आणि दुधाची वेळ होईपर्यंत तेच करत राहिली.

निळीताईने स्वतःला विचारलं, हेच हवं होतं ना? हवं तर होतंच. त्या वर्गात गोगी आता कुणाकडेही मान वर करून बघत नव्हती. पण निळीताईकडेही बघत नव्हती. वाटाणे इकडून तिकडे जात होते.

दुपारी मुलं घरी गेल्यावर दोघी ताई मोरीपाशी ब्रश धुवायला भेटल्या. गोगी बाहेर पायरीवर बसली होती. पिवळीताईने पहिले काही ब्रश धुतले. मग म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलंत तिला?"

"काय?"

"मला गाठ येते ते."

"येते ना तुला?"

"येते." पिवळीताईने नळ बारीक केला. "तिनं विचारलं, ताई, तुला खरंच गाठ येत नाही का. मी म्हटलं, येते. सरळ विचारल्यावर मी काय खोटं बोलू? तुम्हीच सांगितलं होतं, मुलानं सरळ विचारलं की खेळ संपला."

"मग काय म्हणाली?"

"ठीक आहे, म्हणाली. मग म्हणाली, ताई, तू उलट्या दिवशी येऊ नकोस, तुला येतं." तिने ब्रश झटकला. "रडली असती तर बरं झालं असतं हो."

"मिळेल दुसरं कोणी. एवढं काय त्यात."

"कोण मिळेल? दोन दिवस राहिलेत. ती सगळ्यांना विचारत फिरतेय, तुला गाठ येते का, खरं खरं सांग. दूधवाल्याला विचारलं. त्याला येते. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, अगं मी रोज माझा एप्रन कसा बांधते? मोठ्या ताईंनासुद्धा विचारलं. त्या म्हणाल्या, हो तर, चांगली येते. सगळ्यांनाच येते गाठ. कुणाला येत नाही?"

निळीताईच्या हातातल्या ब्रशातून निळं पाणी गळत होतं. बरेच ब्रश झाले तरी ते संपेना.

"तुम्हाला यायचं होतं, तर तिला विचारायचं," पिवळीताई म्हणाली.

"मी तिची आई आहे. मी काय विचारू? बोलाव गं मला, म्हणून?"

"खरंय, मोठ्यांनी विचारायचंच नाही. मुलं बोलावतात. तुम्हीच ठरवलंत ते." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "वर्षभर तुम्ही काचेतून बघता. मला वाटायचं माझं काही चुकतंय. मी घरी जाऊन आठवायची, आज काय चुकलं असेल. नवऱ्याला सांगायची, त्या आज पुन्हा उभ्या होत्या. या वर्षाइतकं नीट काम मी कधीच केलं नव्हतं."

निळीताईने तिच्याकडे पाहिलं. पिवळीताईचे डोळे भरले होते आणि ती ते ओल्या मनगटाने पुसत होती. 'तुझं काही चुकत नव्हतं' असं म्हणायला हवं होतं. खरंही तेच होतं. चुकत नव्हतं, तेच तर बघवत नव्हतं. निळीताई म्हणाली, "पिवळा ब्रश हिरव्यात मिसळू नकोस," आणि बाहेर आली.

पायरीवर गोगी बुटाच्या नाड्या सोडून बसली होती. निळीताई सवयीने खाली वाकली आणि दोन्ही नाड्या बांधून टाकल्या. गोगीने पाय पुढे केले होते, पण बघत दुसरीकडे होती.

दोघी निघाल्या. पदपथ अरुंद होता, कडेला सायकली लावलेल्या. निळीताई अर्धं पाऊल पुढे, मागे गोगी, मध्ये मनगट.

"आई, तुला काय येत नाही?"

"म्हणजे?"

"काय येत नाही ते सांग. खरं खरं."

निळीताईच्या तोंडात तयार उत्तरांची रांग होती. ती रोज वापरायची. मला कात्री सरळ चालवता येत नाही, मला मणी ओवता येत नाहीत. एकेक जिभेवर येऊन परत गेलं.

"शिट्टी वाजवता येत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

"ती मला पण येत नाही."

"पोहता येत नाही."

"ते पण मला येत नाही. असं सांग, जे मला येतं आणि तुला येत नाही."

पाच वर्षांच्या मुलीला येतं आणि आपल्याला येत नाही. निळीताईने आधी ते थट्टेवारी नेलं, मग खरंच शोधलं. एक दुकान गेलं, दुसरं गेलं. समोरून हातगाडी आली तेव्हा तिने गोगीचं मनगट ओढून तिला बाजूला घेतलं, आणि गाडी गेल्यावर पुन्हा ओढून पुढे. गोगी एका सायकलच्या घंटीत आपलं वाकडं तोंड बघत होती, ते तिथेच राहिलं.

"थांबता येत नाही," निळीताई म्हणाली.

"कुठे?"

"कुठेच."

गोगीने यावर विचार केला. "हो, हे खरं आहे," ती म्हणाली. ती तक्रार नव्हती. खिडकीतून पाऊस आहे की नाही ते बघून सांगावं तसं तिने सांगितलं. मग थोड्या वेळाने, "पण थांबणं हे काम नाहीये. काम म्हणजे मांडणीत ठेवलेलं असतं."

"बरं."

"ट्रेमध्ये असतं."

"बरं गं बाई."

कोपऱ्यावरच्या दुकानापाशी गोगी थांबली आणि निळीताईलाही थांबावं लागलं. "चांदणीच्या कामात शेवटी थांबायचं असतं," गोगी म्हणाली. "चांदणी पाण्यात सोडली की वाळूचं घड्याळ उलटं करायचं, आणि वाळू संपेपर्यंत नुसतं बघायचं. ते येतं का तुला?"

ते काम निळीताईने इतक्या मुलांना शिकवलं होतं की मोजदाद नव्हती. आणि वाळू पडत असताना ती स्वतः काय करायची? टेबलावर सांडलेलं पुसायची, पुढच्या मुलाचा दोरा कापायची, भांड्यांच्या कडा सारख्या करायची. एकदाही शेवटचा कण पडताना तिने बघितला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "मी त्या वेळात टेबल पुसते."

"पुसायचं नसतं."

"माहितीय."

"माहितीय तर का पुसतेस?"

"म्हणून तर म्हणते, येत नाही."

गोगीने तिच्याकडे बारकाईने बघितलं, हात थरथरतोय का असं बघावं तसं. "मग ये," ती शेवटी म्हणाली. "पण पाणी सांडलं तरी उठायचं नाही."

उलट्या दिवशी निळ्या वर्गात पाहुणे बसले, मुलांनी ट्रे मांडले, आणि निळीताईने मावशींना कोपऱ्यात उभं केलं. "मी पलीकडे जाऊन येते."

"या की. काचेतून बघून दमला असाल," मावशी म्हणाल्या.

पिवळ्या वर्गात कागदी साखळ्यांखाली कुणाचे आजोबा बटण लावत होते, कुणाची आत्या मणी ओवत होती. गुडघे हनुवटीपर्यंत आलेली मोठी माणसं आणि हात मागे बांधून उभे असलेले त्यांचे गुरू. खिडकीतल्या चांदण्यांवर उजेड पडला होता. स्फटिकांच्या कडा इथून, अगदी जवळून, काचेतून दिसायच्या त्यापेक्षाही धारदार दिसत होत्या. निळीताईने मान वळवली. गोगीच्या टेबलापाशी छोटी खुर्ची रिकामी होती. ती बसली.

"हात मांडीवर," गोगी म्हणाली.

आवाज पिवळीताईचा होता. तोच सूर, शेवटच्या अक्षरावर तोच हलका ठेका. तो सूर पिवळीताईने जिच्याकडून घेतला तिला तो ओळखू आला, आणि तरी तो तिचा वाटला नाही.

गोगीने मऊ तार वळून चांदणी केली. एक पाकळी आखूड झाली. निळीताईची बोटं मांडीवर हलली. गोगीने दोरा घेतला, टोक टोकावर घेतलं, खालून काढलं, ओढलं. गाठ सुटली. पुन्हा केली, पुन्हा सुटली. शेजारच्या टेबलावर आत्याचे सगळे मणी ओवून झाले आणि टाळ्या वाजल्या. गोगीने मान वर केली नाही. पुढच्या वेळी गाठ बसली. जाडजूड, वाकडी, पण बसली. मग तिने चांदणी तुरटीच्या कोमट पाण्यात सोडली, काडी भांड्यावर आडवी ठेवली आणि घड्याळ उलटं केलं.

"आता नुसतं बघायचं."

निळीताई बघू लागली. वाळू फार बारीक होती आणि फार हळू पडत होती. काडीवरून एक थेंब ओघळला, भांड्याच्या बाहेरून खाली आला आणि टेबलावर त्याचं गोल डबकं झालं. तुरटीचं पाणी वाळलं की पांढरा डाग राहतो, आणि तो खरवडून काढावा लागतो. निळीताईचा हात आपोआप फडक्याकडे गेला.

"पुन्हा," गोगी म्हणाली आणि घड्याळ उलटं केलं.

दुसऱ्यांदा अर्धी वाळू झाली होती. पलीकडे निळ्या वर्गात खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मावशी म्हणाल्या, "अरे देवा, सगळं सांडलं!" निळीताई उठली नाही, पण मान वळली.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा तिने हात एकमेकांत घट्ट अडकवले आणि डोळे भांड्यावर ठेवले. पाण्यात चांदणी अगदी स्थिर लोंबत होती, आखूड पाकळी खाली. अजून तारेवर काहीच आलं नव्हतं. यायला वेळ होता. निळीताईला वाटलं, आपण पहिल्यांदाच हे असं बघतोय. आणि मग वाटलं, गोगीही बघत असेल. तिने नजर वर केली.

गोगी भांड्याकडे बघत नव्हती. आईकडेही नाही. ती आईच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि दिसत नव्हतं म्हणून एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे. गाल आत ओढलेले, ओठ दाबून धरलेले. हसू बाहेर पडू नये म्हणून ती असंच करायची. मागे कोण उभं आहे हे वळून न बघताच निळीताईला कळलं. ताईंनी कोपऱ्यात उभं राहायचं असतं. तो कोपरा बरोबर तिच्या पाठीमागे होता.

ती इथे बसली होती. खुर्ची तिला मिळाली होती. गाठ तिच्यासमोर मारली गेली होती. आणि मुलगी बघत होती, पिवळीताईने ते बघितलं की नाही. निळीताई म्हणणारच होती, 'इकडे बघ. मी आहे इथे.' शब्द ओठांवर होते. गोगी पुन्हा डावीकडे झुकली.

निळीताईने पाय जमिनीला टेकवले आणि खुर्ची जरा सरकवली, मांडणीच्या बाजूला, खांदा वाटेतून जाईल एवढी. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. भांड्यातलं पाणी हललं. गोगीला आता कोपरा सरळ दिसत होता. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते निळीताईने अगदी जवळून, काचेशिवाय बघितलं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

मग गोगीची नजर खाली आली. पाण्यावर, घड्याळावर, आईवर.

"तू हललीस," ती म्हणाली.

"हो."

"पुन्हा," गोगी म्हणाली, आणि घड्याळ उलटं करून, कोपर टेबलावर टेकवून, आईसमोर बसली.